१८ हजारांचं इंच लॉस आणि साडेसातशेचा ब्लाउज

सुरुवातीलाच सांगते, हा रिव्ह्यू दोन दुकानांचा आहे आणि नाव एकाचंही घालणार नाही. पहिलं म्हणजे पणजीतलं एक स्लिमिंग आणि स्किन क्लिनिक, त्याचं नाव घातलं तर उद्या नोटीस यायची, कोण त्या भानगडीत पडतंय. दुसरं म्हापशाच्या बाजारात जिन्यावरचं शिवणाचं दुकान, तिथल्या काकींनीच बजावलंय की नाव कुठे घालायचं नाही, आहेत तेवढेच ब्लाउज वेळेवर होत नाहीत. क्लिनिकला पाचात एक स्टार, तोही एसी चांगला होता म्हणून. काकींना साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईल.

मी डिचोलीकडे हायर सेकंडरीला गणित शिकवते. जन्म १९७३ चा, वय तुम्हीच काढा. हे आधीच सांगायचं कारण म्हणजे पुढचा मूर्खपणा वाचून तुम्हाला वाटेल ही बाई अडाणी असणार, तर नाही, आकडेमोड चांगली येते, तरी पैसे भरले.

निमित्त लेकीच्या लग्नाचं. डिसेंबरची तारीख ठरली आणि चवथीला, म्हणजे गणपतीत, सगळी माणसं जमली तेव्हा माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगतात त्या चौकटीखाली, उभी राहून एक मामी मोठ्याने म्हणाली, "अगो केवढी सुटलीस, लग्नात फोटो कसे येतील?" नेवऱ्यांचं ताट हातात होतं ते तसंच राहिलं. गंमत म्हणजे पाचच मिनिटांनी तीच मामी माझ्या जावेला म्हणाली, "हाडं दिसायला लागली तुझी, शुगर तर नाही ना झाली?" म्हणजे जाडीलाही ऐकावं लागतं आणि बारकीलाही, मधली जी कोण बरोब्बर बाई आहे ती अजून कुणाच्याच चवथीला आलेली मी पाहिलेली नाही. पण तेव्हा एवढं सुचलं नाही, तेव्हा रात्री मोबाइलवर जाहिरात दिसली, मदर ऑफ द ब्राइड पॅकेज, आठ सिटिंग इंच लॉस आणि चार कोलॅजन फेशियल, १८,००० रुपये, आणि मी नंबर लावला.

आता क्लिनिक. पार्किंग नाही, पणजीत कुठेच नसतं, तो दोष त्यांना देत नाही. आत गेल्यावर गुलाबी भिंती, मंद म्युझिक, आणि एक पंचविशीची मुलगी, बोलायला गोड, तिच्यावर माझा राग नाही, तिला टार्गेट असतं. तिने वजन घेतलं, उंची घेतली, बीएमआय, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, २६.८ काढला आणि चार्टवर पिवळ्या पट्ट्यात बोट ठेवून चेहरा असा केला की जणू रिपोर्ट वाईट आलाय. मी विचारलं हा चार्ट कुणी ठरवला, तर म्हणे इंटरनॅशनल आहे मॅम.

इंटरनॅशनल आहे खरा. ते सूत्र काढणारा केटले हा बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ आणि गणिती, डॉक्टर नव्हे, १८३० च्या दशकात त्याला 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधायचं होतं आणि त्याच्यासमोर होती ती युरोपातल्या माणसांची मापं. बॉडी मास इंडेक्स हे नाव तर १९७२ मध्ये आलं, अ‍ॅन्सेल कीज नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने दिलं, आणि तेही मोठ्या लोकसंख्येचा अभ्यास करायला सोपं म्हणून. सरासरी आम्ही अकरावीला शिकवतो, पहिल्याच तासाला सांगतो की वर्गाची सरासरी ५४ आली म्हणून ५४ मार्क मिळालेलं एक तरी पोर वर्गात असेलच असं नाही. आशियाई लोकांसाठी हा धोक्याचा आकडा २५ वरून २३ ला आणलाय त्यालाही कारण आहे, आपल्याकडे कमी वजनातही पोटाच्या आत चरबी साठते आणि डायबेटिस होतो, ते मला मान्य आहे, त्यावर नंतर येते. पण तो धोका साखरेचा आणि हृदयाचा, फोटोचा नव्हे. चार्टखाली लिहिलं होतं 'युवर आयडियल फिगर'. हे केटलेने कधी म्हटलं नव्हतं हो.

मग टेप. इथे लक्ष द्या, कारण १८,००० रुपये या टेपमध्ये आहेत. पहिल्या दिवशी मुलगी म्हणाली, "रिलॅक्स मॅम, एकदम सैल सोडा." टेप बेंबीवर, अगदी हलका धरलेला, मध्ये बोट जाईल एवढा. कंबर ३८. आठव्या सिटिंगनंतर तीच मुलगी म्हणाली, "मॅम, श्वास आत घ्या, ताठ उभ्या राहा." टेप बेंबीच्या वर दोन बोटं, आणि ओढला असा की बाजूची कातडी टेपच्या वरखाली फुगली, तिच्या अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं. साडेपस्तीस. टाळ्या वाजवल्या त्यांनी, खरंच वाजवल्या.

घरी येऊन मी वहीवर गणित केलं. घेर एक इंच कमी झाला म्हणजे त्रिज्या फक्त चार मिलिमीटर कमी झाली, भागिले दोन पाय (२π), नववीतलं पोरही करील. म्हणजे टेप ओढून कातडी चार मिलिमीटर दाबली की एक इंच लॉस झालाच, त्याला सिटिंग कशाला लागतं, दाबायला माझा नवरा पण चालेल. आणि रिपोर्टवर काय लिहिलेलं, 'टोटल इंच लॉस ११'. अकरा कुठून आले? तर छाती, वरची कंबर, कंबर, सीट, दोन मांड्या, दोन दंड, अशा आठ ठिकाणची वजाबाकी करून सगळ्यांची बेरीज! उद्या मी आठ विषयांत दोन दोन मार्क वाढवून एका मुलाला म्हणीन, बाबा तुझे सोळा टक्के वाढले.

सिटिंगमध्ये करतात काय, तर अंगाला थंड जेल लावून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळतात, आपण फ्रिजमध्ये कोथिंबीर ठेवतो तसं, आणि वर गरम ब्लँकेट. तासभर घाम. नंतर काट्यावर ६०० ग्रॅम कमी. "टॉक्सिन्स निघाले मॅम." टॉक्सिन काढायला देवाने लिव्हर आणि किडन्या दिल्यात, आणि ६०० ग्रॅम चरबी जळायची तर एक किलोला ७,७०० कॅलरी या हिशेबाने साडेचार हजारांवर कॅलरी जळायला हव्यात, नुसतं पडून राहिलं तर तासाला साठ-सत्तर जळतात, म्हणजे मला त्या ब्लँकेटमध्ये जवळपास तीन दिवस ठेवायला हवं होतं. गेलं ते पाणी. बाहेर येऊन लिंबू सोडा आणि वर पाण्याची बाटली रिचवली, वजन परत जाग्यावर. चरबी खरोखर जळते तेव्हा जाते कुठे माहीत आहे? श्वासातून. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दोघा संशोधकांनी हिशेब मांडून दाखवला, दहा किलो चरबी जळली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाकातोंडातून बाहेर पडते आणि बाकीचं पाणी. आणि ही मुलगी मला म्हणते श्वास धरून ठेवा.

फेशियलचं थोडक्यात. चेहरा एका मशीनमध्ये घालून फोटो काढतात, निळ्या उजेडात आपलंच तोंड ओल्या भिंतीसारखं दिसतं, कुणाचंही दिसेल, शाळेतल्या पोरीचंही. मशीन म्हणालं स्किन डॅमेज ३४ टक्के. मी विचारलं कशाचे ३४ टक्के, छेद काय? ती म्हणाली, ओव्हरऑल मॅम. मग कोलॅजनचं क्रीम चोपडलं. आता कोलॅजन, म्हणजे कातडी घट्ट ठेवणारं प्रथिन, वयाप्रमाणे कमी होतं हे खरंच आहे, पाळी गेल्यावर पहिल्या पाचेक वर्षांतच कातडीतलं साधारण ३० टक्के कोलॅजन जातं असं डॉक्टर लोक सांगतात, तेव्हा कातडी सैल पडणार, त्यात आपली काही चूक नाही. पण वरून लावून ते आत जात नाही. कातडीतून आत शिरायचं तर रेणूचं वजन साधारण ५०० डाल्टनच्या आत लागतं आणि कोलॅजनचा रेणू तीन लाखांचा. सहाशे पट! दारातून उंदीर जाईल एवढी फट आणि आपण तिथून कदंबाची बस आत घालायला बघतोय.

काम करणाऱ्या गोष्टी आहेत, नाही असं नाही, पण त्या एवढ्या साध्या आहेत की त्यांचं पॅकेज होत नाही. सनस्क्रीन. ऑस्ट्रेलियात ९०० च्या वर माणसांवर साडेचार वर्षं अभ्यास केला, २०१३ मध्ये छापून आला, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची कातडी वयापरत्वे बिघडण्याचं प्रमाण २४ टक्क्यांनी कमी निघालं. आपल्याकडे गोव्यात अ‍ॅक्टिव्हावरून भर दुपारी फिरणाऱ्या बायका तोंडाला ओढणी गुंडाळतात ती पण चांगलीच, फक्त हाताचे पंजे उघडे राहतात, माझे बघा, मनगटाच्या वर एक बाई आणि खाली दुसरी. रेटिनॉइडच्या, म्हणजे व्हिटॅमिन ए च्या जातीतल्या औषधाच्या, क्रीमने पण फरक पडतो पण ते डॉक्टरला विचारून, आणि गरोदर बाईने तर नकोच. झालं. एवढ्यावर क्लिनिकचं भाडं निघत नाही.

मध्येच एक आठवलं म्हणून लिहिते. फेअर अँड लव्हली बाजारात आलं १९७५ मध्ये, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी धाकटं, आणि २०२० मध्ये त्याचं नाव बदलून ग्लो अँड लव्हली झालं. नाव बदललं तरी लेकीचं स्थळ बघताना फोनवर पहिला प्रश्न काय आला सांगू? "मुलगी उजळ आहे ना?" मी म्हटलं ट्यूबलाइट लावला की सगळेच उजळ. ते स्थळ पुढे सरकलं नाही, बरं झालं. आणि १९५४ चा एक कायदा आहे, ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज, कुठल्या गोष्टींवरच्या औषधांची जाहिरात करायची नाही त्याची त्यात यादी आहे, कॅन्सर, मोतीबिंदू, फेफरं आणि त्याच यादीत लठ्ठपणा आणि बाईच्या छातीचा आकार. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी सरकारला पण कळलं होतं की बायकांना कुठे धरून लुटतात. क्लिनिकवाले हुशार, ते औषध म्हणत नाहीत, थेरपी म्हणतात.

बरं, आता म्हापसा.

दिवाळी झाल्यावर मी साडी घेऊन काकींकडे गेले. साडी पैठणी, जांभळी, आणि डोक्यात साडेपस्तीसचा आकडा. दुकान म्हणजे काय, लाकडी जिना, वर दहा बाय आठची खोली, दोन मशिनं, एक पायाचं आणि एक मोटरचं, खिळ्याला लटकवलेली मापाच्या ब्लाउजांची गाठोडी, आणि आरसा नाही. हो, आरसा नाही! ही माझी पहिली तक्रार होती, नंतर मी मागे घेतली. विचारलं तर म्हणाली, "आरसो घराकडे बघ. हंय बघलंस तर पोट आत वढतलंस, आणि माझा माप चुकतला."

काकी पेडण्याकडची, सत्तरीची असेल, केस पांढरे शुभ्र आणि त्यावर आबोलीची फाती, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी आत गेल्या गेल्या सांगून टाकलं, कंबर साडेपस्तीस आहे, त्या हिशेबाने करा. ती काही बोलली नाही. गळ्यातला टेप काढला. तो टेप पण बघण्यासारखा आहे, पुढची पितळी पट्टी झिजून पडलेली, म्हणजे पहिला अर्धा इंच नाहीच, काकी एक इंचाच्या खुणेवरून धरते आणि मनातल्या मनात एक वजा करते. वर दर दिवाळीला लोखंडी पट्टीला लावून बघते टेप ताणलाय की काय, ताणला असेल तर नवीन. पणजीच्या गुलाबी भिंतींत कुणी हे केलं असेल असं मला वाटत नाही.

मी सवयीने श्वास आत घेतला, आठ सिटिंगची सवय. काकी थांबली. टेप तसाच धरून थांबली. मी श्वास किती वेळ धरणार, शेवटी सुटला. "हां. आता. स्वास धरून माप दिलंस तर लग्नात जेवतलंस कशी?" ३८. जशीच्या तशी.

खरं सांगायचं तर रडू आलं. आणि तिने बघितलं पण काही म्हणाली नाही, दंडाचं माप घेत राहिली, एकदा उजवा, एकदा डावा, परत उजवा, आणि म्हणाली, "तुझो उजवो हात मोठो आसा. बोर्डार लिवतंस ना?" अर्धा इंच फरक. २८ वर्षं फळ्यावर खडूने लिहून, हात वर धरून धरून माझा उजवा दंड डाव्यापेक्षा अर्धा इंच जाड झालाय आणि हे मला, माझ्या नवऱ्याला, क्लिनिकला, कुणालाच माहीत नव्हतं. क्लिनिकच्या रिपोर्टात दोन्ही दंड सारखे, एक मोजून दुसऱ्याच्या रकान्यात तेच लिहिलं असणार. काकींनी उजवी बाही अर्धा इंच सैल कापली, उजवा मुंढा पण जरा खोल घेतला. माझे सगळे ब्लाउज उजव्या काखेत का उसवतात याचा शोध मी लग्न झाल्यापासून लावत होते, मला वाटायचं घामाने.

मग बसल्या बसल्या मी काकींना नॉर्माची गोष्ट सांगितली, वर्गात सरासरी शिकवताना दर वर्षी सांगते ती. अमेरिकेत हजारो तरुण बायकांची मापं घेऊन त्यांची सरासरी काढून एक पुतळा बनवला, नाव नॉर्मा, म्हणजे नॉर्मल बाई. १९४५ मध्ये क्लीव्हलँडच्या एका पेपरने स्पर्धा लावली, नॉर्माच्या नऊ मापांशी जिची मापं जुळतील तिला बक्षीस. ३,८६४ बायकांनी मापं पाठवली. नऊच्या नऊ मापांत एकही बसली नाही. नऊपैकी पाच जुळणाऱ्या पण चाळीस भरल्या नाहीत. काकी सुईत दोरा ओवत होती, ओवून झाल्यावर म्हणाली, "एकाच बायलेचे दोन हात जुळनत नाय, नऊ मापां खंयची जुळतली? तेंका शिंप्याक विचारूक जाय होता."

रेडीमेडचे साइज पण असेच आलेत. १९३९-४० मध्ये अमेरिकन सरकारने पंधराएक हजार बायकांची मापं घेतली, प्रत्येकीची ५९, आणि गोऱ्या नसलेल्या बायकांची घेतलेली मापं हिशेबातून काढून टाकली. त्यावरून पुढे १९५८ मध्ये साइजचं स्टँडर्ड केलं. आपल्याकडे आत्ता कुठे निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेने इंडियासाइज म्हणून काम हाती घेतलं, थ्रीडी स्कॅनरने सहा शहरांत २५,००० च्या आसपास माणसांची मापं घ्यायची ठरवून. तोपर्यंत ट्रायल रूममध्ये कुर्ता खांद्याला बसला तर सीटवर अडकतो आणि सीटवर बसला तर खांदे लोंबतात, आणि आपण बाहेर येऊन नवऱ्याला काय सांगतो? "मी फार जाडी झालेय." कुर्ता चुकीचा कापलाय असं मी तरी आजवर एकदाही म्हटलेलं नाही.

काकी म्हणते तिची आजी गाठीची चोळी घालायची, खणाची, पुढे गाठ मारायची. गाठ रोज मारायची असते ना, म्हणजे बाळंतपणात सैल, पावसाळ्यात कमी जेवलं की घट्ट, चोळी अंगाबरोबर चालायची. हूक आले आणि अंगाला एका जागी थांबावं लागलं. मी आजवर हे असं बघितलंच नव्हतं, मला वाटायचं आपण सुधारलो. आणि गोव्यात तर गावोगाव सातेरी रोयणीच्या रूपात पुजतो आपण, वारूळ ते, वाढत जातं, जेवढं मोठं तेवढं जागृत, तिच्यासमोर हात जोडताना कुणी म्हणत नाही देवी सुटलीस गो.

आईची एक आठवण पण तिथेच निघाली. माझी आई सारखी रीटा फारियाचं नाव घ्यायची, मूळ गोव्याच्या घरातली मुलगी, मुंबईत डॉक्टरकी शिकत होती, १९६६ मध्ये मिस वर्ल्ड झाली, आशियातली पहिलीच. आईला कौतुक कशाचं, तर किताब मिळाल्यावर सिनेमाबिनेमात न जाता ती परत पुस्तकांकडे वळली आणि डॉक्टर झाली. स्पर्धेला जाताना साडी आणि स्विमसूट उसना नेला होता असं तिनेच पुढे मुलाखतीत सांगितलंय. उसन्या कपड्यांत जग जिंकलं म्हणा. काकीला ते नाव माहीत होतं, क्लिनिकच्या मुलीला नव्हतं, भिंतीवर मात्र मिस कोणकोणाचे फोटो.

आता ब्लाउजचं. प्रिन्सेस कट नको, कटोरी घे असं काकींनीच ठरवलं, गळा मागे खोल, कारण म्हणे पाठ चांगली आहे तुझी. पाठ! ५२ वर्षांत माझ्या पाठीबद्दल कुणी काही बोललं नव्हतं, पोटाबद्दलच बोलणं पुरून उरत होतं. अस्तर सुती, हूक पुढे, आणि दोन्ही कुशींना दीड दीड इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड, सोडली. हल्लीचे बुटिकवाले माया सोडत नाहीत, आत ओव्हरलॉक मारून कापून टाकतात, फिनिशिंग छान दिसतं आणि सहा महिन्यांत ब्लाउज बोहारणीला. काकी म्हणते माया नसली तर तो कपडा नव्हे, फोटो.

अर्धा स्टार का कापला तर उशीर. सांगितलेली तारीख २५ नोव्हेंबर, मिळाला ४ डिसेंबरला, लग्न ११ ला, माझा जीव टांगणीला. फोन उचलत नाही. जिन्यावर लाइट नाही. जीपे खालच्या दुकानदाराच्या नंबरवर करावा लागतो. आणि ओरडते, गिऱ्हाईक ही काय चीज असते ते तिला माहीतच नाही. साडेसातशे रुपये अस्तरासकट, त्यात फॉल-बिडिंग नाही.

आणि आता मघाशी म्हटलं होतं तब्येतीचं, ते. ३८ इंच म्हणजे साडेशहाण्णव सेंटिमीटर, आणि भारतीय बाईची कंबर ८० च्या वर गेली की डॉक्टर सावध करतात, ही पण खरी गोष्ट आहे, ती लपवून बॉडी पॉझिटिव्हचा झेंडा मिरवणं मला जमणार नाही. मी लग्नाच्या आधीच आरोग्य केंद्रात रक्त तपासून आले. तीन महिन्यांची सरासरी साखर ५.९, डायबेटिस नाही पण उंबरठ्यावर. डॉक्टरीण बाईंनी समजावलं की पाळी जाताना इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं आणि मांड्या-सीटवर बसणारी चरबी पोटाकडे सरकते, भारतात पाळी साधारण वयाच्या ४६-४७ च्या आसपास जाते, आळसाने नव्हे, आणि त्याचबरोबर स्नायू आणि हाडं पण उतरतात, म्हणून नुसतं चालणं पुरत नाही, वजनं उचला. ताटात शीत, म्हणजे भात, कमी, मासे आणि डाळ जास्त. माझं वजन किती हवं असं मी विचारलं तर म्हणाली आधी खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठून दाखवा. सहा वेळा जमलं. या बाईने केस पेपरचे पैसे पण घेतले नाहीत. आता पाण्याच्या दोन दोन लिटरच्या बाटल्या हातात घेऊन स्वयंपाकघरात उठाबशा काढते, लेक व्हिडिओ कॉलवर हसते. परवा दहा झाल्या. कंबर किती झाली ते मोजलं नाही, टेप काकीकडे आहे.

लग्न झालं. मामी आली होती, तिने ब्लाउजची पाठ हात लावून बघितली आणि विचारलं कुठे शिवला. मी म्हटलं नाव घालायला मनाई आहे. दोन वेळा श्रीखंड घेतलं, हूक जागेवर.

क्लिनिकचं एक राहिलं, दोन फेशियल शिल्लक होती, पैसे परत मागितले तर म्हणे रिफंड पॉलिसी नाही, क्रेडिट देतो, व्हॅलिडिटी मार्चपर्यंत. पावतीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलंय खरं, तुम्ही जाणार असाल तर ते आधी वाचा, आणि पहिल्या दिवशी टेप बेंबीवर कुठे धरला त्याचा फोटो काढून ठेवा, पेनाने खूण करून ठेवली तर अजून बरं. अजून दर सोमवारी मेसेज येतो, 'मॅम वी मिस यू'.

काकीकडे जायचं असेल तर मापाचा जुना ब्लाउज नेऊ नका, ती बघत पण नाही. चवथीच्या आधी पंधरा दिवस आणि पूर्ण डिसेंबर नवीन काम घेत नाही. दुपारी एक ते चार दुकान बंद. शुक्रवारी तर अजिबात जाऊ नका, बाजार असतो, जिन्यावर पण सुक्या मासळीच्या टोपल्या ठेवलेल्या असतात आणि काकी त्या दिवशी माप घेत नाही, फक्त ओरडते.